आभाळातलं मूर्तिजापूर जंक्शन

भारताच्या नकाशावर पट्टी ठेवून दिल्ली ते बंगळुरू अशी सरळ रेघ ओढली, तर ती जवळजवळ मूर्तिजापूरच्या डोक्यावरून जाते. मुंबई ते कोलकाता अशी दुसरी रेघ ओढली, तर ती पहिलीला मंगरूळपीरच्या आसपास छेदते. विमानं अशी पट्टीनं आखल्यासारखी उडत नाहीत. त्यांचे मार्ग ठरलेले असतात, आणि वारा, ढग, लष्करी हद्दी पाहून ते वळवलेही जातात. तरी देशाची उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम वर्दळ वऱ्हाडाच्या आभाळात एकमेकींना ओलांडते, एवढं त्या दोन रेघांवरून समजायला हरकत नाही. मूर्तिजापूर जमिनीवर जंक्शन म्हणून ओळखलं जातं. मुंबई-हावडा ही मोठी लाइन, आणि तिला दोन बाजूंनी येऊन मिळणारी अचलपूरची आणि यवतमाळची लहान लाइन. त्याच गावाच्या वर, साधारण दहा किलोमीटर उंचीवर, दुसरं एक जंक्शन आहे. त्याला फलाट नाही, सिग्नलचा खांब नाही. खाली कापसाची गाडी बाजाराकडे नेणाऱ्या माणसाला त्यातली फक्त एक पांढरी रेघ दिसते, तीही आभाळ निरभ्र असेल तर.

त्या रेघेमागचं काम शेकडो किलोमीटर दूर, मंद उजेडाच्या खोलीत चाललेलं असतं. कंट्रोलरसमोरच्या पडद्यावर विमान म्हणजे एक लहानशी खूण आणि तिला चिकटलेली दोन-तीन ओळींची पाटी. वर कंपनीचं नाव आणि उड्डाणाचा क्रमांक, खाली ‘३५०’ असा आकडा, म्हणजे पस्तीस हजार फूट, आणि शेजारी वेग. हे विमान मिनिटाला चौदा किलोमीटर कापतं. मूर्तिजापूर ते अकोला हे अंतर त्याला तीन मिनिटांचं. आडव्या येणाऱ्या दोन विमानांच्या मध्ये उंचीचं जे अंतर राखतात ते हजार फुटांचं. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी ते दोन हजार होतं, २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्याकडे ते हजारावर आलं. त्यामुळे वरच्या आभाळात नवे मजले मिळाले आणि गर्दी सामावली. पण हे मजले विटांचे नाहीत. विमानातलं उंचीमापक, जमिनीवरचं रडार, पडद्यावरची ती पाटी आणि ती वाचणारा माणूस, हे चौघं रोज चोवीस तास अचूक राहतील या विश्वासावर ते उभे आहेत. आपली हद्द संपली की कंट्रोलर वैमानिकाला पुढच्या केंद्राची फ्रीक्वेन्सी सांगतो, वैमानिक तोच आकडा परत म्हणून दाखवतो, आणि दोनेकशे माणसांची जबाबदारी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जाते. हा विश्वास टिकवायला पैसा लागतो हे कुणीही कबूल करील. पैसा किती आहे यापेक्षा तो ठरल्या वेळी येतो की नाही, हा प्रश्न मात्र अधिक मोठा आहे, आणि त्याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

७ नोव्हेंबर २०२५ हा शुक्रवार या दृष्टीनं लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी दिल्ली विमानतळावर आठशेहून अधिक उड्डाणं रखडली. फ्लाइट प्लॅनचे निरोप आपोआप वाटून देणारी संगणक यंत्रणा बिघडली होती, आणि कंट्रोलरांना ती माहिती हातानं भरत बसावं लागलं. त्याच दिवशी अमेरिकेत चाळीस मोठ्या विमानतळांवरची चार टक्के उड्डाणं सरकारी हुकमानं कमी करण्यात आली. तिथं यंत्र बिघडलं नव्हतं. १ ऑक्टोबरपासून सरकारी खर्चाला मंजुरीच मिळालेली नव्हती, कंट्रोलर बिनपगारी कामावर येत होते, आणि महिना उलटल्यावर त्यांतले काही येईनासे झाले. ती कोंडी त्रेचाळीस दिवस चालली. एका देशात माणसं असून पगार नव्हता. दुसऱ्या देशात पगार होता, पण यंत्रानं दगा दिला. वरवर पाहता दोन्ही घटनांचा संबंध नाही. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच सवय दिसते. हवाई वाहतूक नियंत्रण ही एकदा विकत घ्यायची वस्तू आहे, असं धरून चालण्याची ती सवय.

अमेरिकेचं उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखं आहे, कारण तिथं पैशाची वाण कधीच नव्हती. तिकिटावरच्या करातून भरणारा स्वतंत्र विमान वाहतूक निधी तिथं १९७० पासून आहे. पण तो निधी उघडायची किल्ली संसदेच्या हातात, आणि ती दर वर्षी नव्यानं फिरवावी लागते. २००७ ते २०१२ या काळात विमान वाहतूक खात्याला पक्की मंजुरी मिळाली नाही, तात्पुरत्या मुदतवाढी मात्र तेवीस मिळाल्या. तीन-तीन महिन्यांच्या भरवशावर कोण कंत्राटदार दहा वर्षांची यंत्रणा बांधायला घेईल? २०१३ मध्ये सरसकट खर्चकपात आली तेव्हा ओक्लाहोमा सिटीतलं कंट्रोलरांचं प्रशिक्षण केंद्र काही महिने बंद ठेवलं गेलं. नंतर पैसा परत आला, केंद्रही उघडलं. पण कंट्रोलर काही कारखान्यातला माल नव्हे. माणूस निवडून, शिकवून, अनुभवी माणसाच्या शेजारी बसवून त्याला एकट्यानं पडद्यासमोर बसायची परवानगी मिळेपर्यंत वर्षं जातात. म्हणून एका वर्षात बंद पडलेल्या वर्गाची उणीव पुढची कितीतरी वर्षं ड्युटीच्या तक्त्यात दिसत राहते. २०२४ मध्ये तिथल्या सरकारी लेखातपासणी कार्यालयानं खात्याच्या १३८ यंत्रणांची पाहणी मांडली. त्यांतल्या ५१ यापुढे टिकवता न येण्याजोग्या आणि आणखी ५४ त्या वाटेवर असल्याचं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल २०२५ रोजी, न्यूअर्कची विमानं सांभाळणाऱ्या केंद्राचे पडदे आणि रेडिओ साधारण नव्वद सेकंद गप्प झाले. त्या जुलैत संसदेनं साडेबारा अब्ज डॉलर एकगठ्ठा दिले. रक्कम मोठी आहे, गरजही खरी आहे. पण अठरा वर्षं थेंब थेंब आणि मग एकदम पूर, या पाण्यावर पीक कसं येतं ते वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पावसाची वार्षिक सरासरी गाठली म्हणून सोयाबीन वाचत नाही.

यावर कुणी म्हणेल, की आपल्याकडे सरकार असं बंद पडत नाही. ते खरं आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुनी प्राधिकरणं एकत्र करून स्थापन झालं, आणि विमानांना वाट दाखवण्याबद्दल ते स्वतः शुल्क घेतं. अंतर आणि विमानाचं वजन यांवर ते ठरतं. म्हणजे मूर्तिजापूरवरून जाणारं प्रत्येक विमान त्या आभाळाचं भाडं भरत असतं. कोविडची वर्षं सोडली तर हा कारभार नफ्यात राहिला आहे, आणि त्या नफ्यातून केंद्र सरकारला लाभांश जातो. मग अडतं कुठं? आपल्याकडे तिजोरीला कुलूप लागत नाही, पदं रिकामी राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीनं हवाई सुरक्षेवर अहवाल दिला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३च भरलेली असल्याची नोंद त्यात आहे. हे महासंचालनालय म्हणजे सगळ्यांवर देखरेख ठेवणारं कार्यालय, आणि तेच निम्म्या माणसांवर चालतं. कंट्रोलरांची कमतरता, त्यांचा थकवा आणि मोठ्या विमानतळांवरच्या स्वयंचलित यंत्रणांची मंदावलेली कामगिरी याकडेही समितीनं बोट दाखवलं होतं. दिल्लीचा बिघाड झाला तो त्यानंतर तीन महिन्यांनी. समितीनं सांगितलेला दोष तोच आणि बिघडलेली यंत्रणा तीच, असं म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण इशारा कागदावर असताना त्याच कामात खोळंबा व्हावा, हे मनाला लागतं.

याहून जुनी आणि जड आठवण चरखी दादरीची आहे. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी सौदी जंबो आणि कझाक मालवाहू बनावटीचं विमान हरियाणाच्या आभाळात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं मूळ दोष कझाक विमानाच्या चमूचा धरला. ते विमान ठरवून दिलेल्या पंधरा हजार फुटांच्या खाली उतरलं होतं. पण दिल्लीला त्या वेळी जे प्राथमिक रडार होतं ते विमानाचा ठिपका दाखवायचं, उंची दाखवायचं नाही. उंची वैमानिक तोंडानं सांगेल तीच खरी. येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेनं ये-जा करत होती. उंची दाखवणारं रडार ही तेव्हा जगात नवलाची गोष्ट राहिली नव्हती. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या, रडार आलं, धडक टाळणारी यंत्रणा विमानात सक्तीची झाली. हे सगळं झालं आणि टिकलं, याचं श्रेय ती यंत्रणा चालवणाऱ्यांना द्यायलाच हवं. मात्र ३४९ प्रेतं हा अंदाजपत्रकातला पुढचा आकडा मंजूर होण्याचा मार्ग असू नये.

या चर्चेत ‘यंत्रणा जुनी झाली’ हे वाक्य फार सैल वापरलं जातं, आणि इथं मूर्तिजापूरचं स्टेशन काही शिकवतं. किलिक-निक्सन कंपनीनं उभारलेली शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूरहून अचलपूरला ७६ किलोमीटर आणि यवतमाळला ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांवर धावली. वऱ्हाडाचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरकडे नेण्यासाठी ती बांधली गेली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. ते १९९४ पर्यंत काम करत होतं. म्हणजे जुनेपणानं ती गाडी मारली नाही. सत्तर वर्षं इंजिनाच्या सांध्यांत कुणीतरी तेल घालत होतं, म्हणून ते चाललं. गाडी मेली ती दुसऱ्या कारणानं. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी हा मार्ग कंपनीचा राहिला आणि गाडी मध्य रेल्वेची. मालक एक, चालवणारा दुसरा, आणि रुळांवर खर्च कुणी किती करायचा याचा निकाल वर्षानुवर्षं लागला नाही. वेग घटत घटत ताशी वीसेक किलोमीटरवर आला. शेवटी मोजकी माणसं तिकीट, फाटक आणि शंटिंग अशी सगळी कामं हातानं करत होती. मग गाड्या थांबल्या. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, आंदोलनं झाली, रुळांमध्ये गवत वाढलं. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचं लहानपण गेलं, त्या तालुक्याला रोजच्या देखभालीचं हे मोल समजायला अवघड जाऊ नये. बाबांनी धर्मशाळा बांधल्या, पण हातातला खराटा ठेवला नाही, कारण झाडलेलं अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावं लागतं. इमारतीच्या पायाभरणीला पाटी लागते. झाडण्याच्या कामाला पाटी लागत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ते नेहमी मागं पडतं. हवाई नियंत्रणातलं बहुतेक काम झाडण्याच्या जातीचं आहे: सॉफ्टवेअर ताजं ठेवणं, सुटे भाग साठवणं, पर्यायी यंत्रणा दर महिन्याला खरोखर चालवून पाहणं, माणसांना पुरेशी झोप मिळेल असे पाळ्यांचे तक्ते करणं.

वऱ्हाडातल्या वाचकाचा आक्षेप इथं ऐकला पाहिजे. ज्या भागात एस.टी. वेळेवर येत नाही, शकुंतला बंद पडली, अकोल्याच्या शिवणी विमानतळाची चौदाशे मीटरची धावपट्टी अठराशे करायचं घोंगडं जमिनीपायी वर्षानुवर्षं भिजत राहिलं, तिथल्या माणसानं दहा किलोमीटर वरच्या विमानांची काळजी का करावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘देशहित’ असं मोघम उत्तर देऊन चालणार नाही. खरं उत्तर दोन पदरी आहे. पहिलं हे, की वरच्या वाटेचा खर्च शेतकऱ्याच्या करातून यायची गरजच नाही. तो विमान कंपन्यांच्या शुल्कातून निघतो आणि तिथंच परत खर्च व्हावा एवढीच मागणी आहे. दुसरं हे, की वऱ्हाडही आता त्या आभाळाचं गिऱ्हाईक आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, उडान योजनेतून. या योजनेतल्या उड्डाणांना उतरण्याचं दिशादर्शन शुल्क माफ आणि मार्गाचं शुल्क सवलतीत, नेहमीच्या ४२.५ टक्के, असं ठरलेलं आहे. तोटा भरून देणारी मदत तीन वर्षांची. आणि तीन वर्षांनंतर काय होतं ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली, आणि मदत संपल्यावर ५४ उरले. लहान गावाच्या विमानाला सवलत द्यावी, जरूर द्यावी. पण ती सवलत वाट दाखवणाऱ्याच्या खिशातून परस्पर न कापता सरकारनं उघडपणे भरून द्यावी. नाहीतर बेलोऱ्याच्या टॉवरमध्ये बसणाऱ्या माणसाचा खर्च कुठल्याच खात्यात नीट बसत नाही, आणि विमान थांबलं की तो टॉवरही शिवणीच्या वाटेनं जातो.

मग हे सगळं सरकारच्या हातून काढून का घेऊ नये? कॅनडानं १९९६ मध्ये तेच केलं. नॅव्ह कॅनडा ही भागभांडवल नसलेली, नफा न वाटणारी संस्था तेव्हा उभी राहिली. विमान कंपन्या, सरकार आणि कर्मचारी यांचे प्रतिनिधी ती चालवतात, आणि ती शुल्कावर जगते. तिच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण कोविडमध्ये विमानंच थांबली तेव्हा तिनं शुल्क सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास वाढवलं आणि माणसं कमी केली. पुढं कंट्रोलर अपुरे पडले. ब्रिटननं २००१ मध्ये खासगी भागीदारी आणली. २८ ऑगस्ट २०२३ रोजी तिथं एका फ्लाइट प्लॅनमध्ये एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणं आली, एक फ्रान्समधलं दोव्हील आणि दुसरं अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक. मुख्य यंत्रणा आणि तिची जोडीदार दोन्ही वीस सेकंदांत गप्प झाल्या, आणि सुमारे सात लाख प्रवाशांचे हाल झाले. तेव्हा मालकी बदलली की रोग बरा होतो हे खरं नाही. माझ्या मते उपाय मधला आहे. नियंत्रण सरकारी राहावं, पण त्याचं खातं विमानतळांच्या बांधकामापासून वेगळं असावं. मार्गशुल्काचा पैसा आधी त्या खात्यात जावा, वाईट वर्षांसाठी त्यात राखीव ठेव असावी, आणि लाभांश उरलेल्यातून निघावा. संसदेचा पैशावरचा हक्क यानं कमी होतो, असं कुणी म्हणेल. तो हक्क मी पवित्र मानतो. पण हक्क आकडा ठरवण्याचा, हिशेब मागण्याचा आणि चुकणाऱ्याला उभं करण्याचा आहे. दहा वर्षांचा आकडा एकदा ठरवून दर वर्षी कडक हिशेब मागणं, हे दर वर्षी नळ बंद करण्याच्या धाकापेक्षा अधिक लोकशाहीचं काम आहे.

हे आता बोलायचं कारण नागपूर आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. आजही भारताचं आभाळ त्याच चार शहरांच्या नावानं चार प्रदेशांत वाटलेलं आहे, शिवाय गुवाहाटीचा उपप्रदेश. पंचवीस हजार फुटांवरचं हे सगळं आभाळ एकाच छपराखाली, नागपूरहून सांभाळायचं अशी ‘ईशान’ नावाची योजना आहे. २०२४ मध्ये प्राधिकरणानं तिच्या सविस्तर प्रकल्प अहवालासाठी प्रस्ताव मागवले. कल्पना चांगली आहे. हद्द ओलांडताना होणारी सोपवासोपवी कमी होईल, मार्ग सरळ होतील, इंधन वाचेल. पण सगळं एका छपराखाली आणलं की त्या छपराला गळती लागून चालत नाही. दिल्लीचा बिघाड मुख्यतः दिल्लीपुरता राहिला, नागपूरचा बिघाड देशाचा होईल. म्हणून दुसरं, दूरचं, रोज जिवंत ठेवलेलं पर्यायी केंद्र पहिल्या दिवसापासून हवं, आणि ते निम्म्या खर्चात भागवता येणार नाही. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवावी लागेल, म्हणजे त्या काळात माणसं दुप्पट लागतील. प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियातल्या प्रशिक्षण वर्गांतून ती माणसं इमारतीची निविदा निघण्याआधीच तयार व्हायला लागली पाहिजेत.

‘ईशान’चा अहवाल येईल तेव्हा त्यात भव्य इमारतीचं चित्र नक्की असेल. वऱ्हाडातल्या आणि विदर्भातल्या खासदारांनी ते पान उलटून पुढं जावं आणि तीन आकडे मागावेत. दहाव्या वर्षीच्या देखभालीचा खर्च किती आणि तो कुठल्या खात्यातून? पर्यायी केंद्र कुठं आणि ते महिन्यातून किती तास प्रत्यक्ष काम करणार? आणि पहिल्या पाळीला बसणाऱ्या कंट्रोलरांची भरती कुठल्या साली?